आंबोलीचा पाऊस आणि गाडीतलं पाणी

आंबोलीला कधी जावं असं विचारलंत, तर जाणती माणसं सांगतात, दिवाळीनंतर जा, पाऊस उघडला म्हणजे. मी मात्र म्हणेन, एकदा तरी भर जुलैत जा. पाऊस म्हणजे काय हे आपल्याला, घाटावरच्या बायकांना, तिथं गेल्याशिवाय कळतच नाही. आमच्या सांगलीला चार सरी आल्या की आपण वाळवणं आत घेतो आणि भजी तळायला बसतो. आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सांगलीच्या दहापट तरी. तिथं वाळवणं मे महिन्यातच डब्यांत जाऊन बसलेली असतात. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, मीठ बरणीत पाझरतं आणि काडेपेटी डब्यात घालून ठेवावी लागते.

गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, सावंतवाडी तालुक्यातलं, घाटमाथ्यावर जवळपास ७०० मीटर उंचीवर वसलेलं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या या भिंतीला अडतात आणि तिथंच रिकामे होतात. आम्ही कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा असे जातो. आजरा मागं पडलं की झाडी दाट व्हायला लागते आणि धुकं थेट रस्त्यावर उतरतं. दुपारी बाराला दिवे लावून गाडी चालवायची! वाटेत नांगरतासचा धबधबा लागतो. तो उंचावरून पडत नाही, तर कातळाच्या अरुंद चिरेत शिरतो. पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज पोटात जाणवतो.

आंबोली हे आमच्या सासूबाईंचं माहेर. त्यांचे भाऊ आता नाहीत, पण भावजय, म्हणजे आमच्या मामी, ते कौलारू घर सांभाळून आहेत. सासूबाईंची पंच्याहत्तरी झाली. दमा जुना. तरी पावसाळ्यात एकदा माहेरी जाऊन येणं हा त्यांचा नेम, तो त्यांनी कधी मोडला नव्हता. गेल्या वर्षी मात्र मोडायची वेळ आली, आणि कारण काय, तर आमची गाडी.

गाडीत पाणी येत होतं. पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, म्हणजे नेमकं सासूबाईंच्या जागेवर, कार्पेट ओलं व्हायचं. मागं डावीकडेही थोडी ओल असायची. नुसती ओल असती तर पायपुसणं टाकून निभावलं असतं. पण आठ-दहा दिवसांत असा कुबट वास सुटला, की दार उघडलं की न पिळता ठेवलेल्या धुण्याची आठवण व्हावी. बुरशीच ती. सासूबाई गाडीत बसल्या की दहा मिनिटांत त्यांची छाती भरून यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ओल आणि बुरशी यांपासून त्यांना लांब ठेवा. तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘‘सूनबाई, यंदा राहू दे. पुढल्या वर्षी बघू.’’ पंच्याहत्तरीतल्या माणसानं पुढल्या वर्षीची गोष्ट बोलली की आपल्या पोटात कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तोवर तीन गॅरेजं झाली होती. पहिल्यानं सांगितलं, एसीचं पाणी आहे. त्यानं नळी फुंकली, पैसे घेतले. दुसऱ्यानं पुढच्या काचेच्या कडेनं पांढरं सिलिकॉन असं फासलं, की जणू केकवर आयसिंग. तिसरा म्हणाला, सगळं कार्पेटच बदला, नाहीतर गाडी काढून टाका. आमचे हे तर गाडी विकायचा विचारही करू लागले होते. पण पाणी कुठून येतं हे न कळता कार्पेट बदलणं म्हणजे छप्पर गळत असताना खाली नवी सतरंजी अंथरण्यासारखंच, नाही का?

शेवटी दोन दिवस काचा उघड्या टाकून, कार्पेटवर वर्तमानपत्रं अंथरून, सासूबाईंना मागच्या उजव्या कोपऱ्यात कोरड्यात बसवून आम्ही निघालोच.

आणि या गळतीची गुरुकिल्ली आम्हाला मामींच्या घरी मिळाली. रात्री जेवताना (तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि टाकळ्याची भाजी, त्या भाजीवर कधीतरी वेगळं लिहीन) माजघरात टप टप आवाज सुरू झाला. मी वर बघून म्हटलं, ‘‘मामी, ते कौल फुटलंय वाटतं.’’ मामी हसल्या. ‘‘अगो, गळता खय नि पडता खय!’’ म्हणजे गळतं एकीकडं आणि पडतं भलतीकडं. जेवण उरकून त्यांनी बॅटरी घेतली. थेंब पडत होता त्याच्यावरचं कौल त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वाशावर ओलीची काळसर रेघ होती, ती धरून बॅटरीचा झोत हळूहळू वर वर नेला. रेघ पार आढ्यापाशी जाऊन संपली. तिथं एक कोना सरकला होता. पाणी तिथून आत येत होतं, वाशावरून सात-आठ हात खाली घसरत होतं, आणि वाटेत खिळा आडवा आला तिथं थेंब होऊन पडत होतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. गाडीलाही छप्परच असतं की!

दुसऱ्या दिवशी गाडी मांगरात घेतली. मांगर म्हणजे गवत, अवजारं ठेवायची छपरी. वर छप्पर, तीन बाजूंना भिंती. मामींची पहिली अट अशी, की आधी सगळं कोरडं कर. ओल्यात नवी ओल दिसत नाही. ऐकायला सोपं, पण त्यातच आमचा दीड दिवस गेला. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलली, की कार्पेटची कड मोकळी होते. वरून कार्पेट नुसतं दमट लागत होतं, पण त्याच्याखाली जाड नमद्यासारखा थर असतो. तो दाबला तर पोळ्यातून मध निथळावा तसं पाणी निथळलं. तुमच्या गाडीत वास येत असेल तर वरच्या कार्पेटवर हात फिरवून समाधान मानू नका, खालचा थर दाबून बघा. मात्र एक सांभाळा. सीटखाली पिवळ्या जोडाच्या वायरी दिसल्या तर त्या ओढू नका, त्या एअरबॅगच्या असतात. आणखीही काही नाजूक वायरी आणि विजेचे डबे कार्पेटखाली असू शकतात. म्हणून तर ही ओल नुसत्या वासापुरती राहत नाही. आज ना उद्या वायरींचे जोड गंजतात, पत्रा खालून खाऊन जातो.

जुनी वर्तमानपत्रं खाली घालायची, ओली झाली की बदलायची, आणि टेबलफॅन दारातून आत सोडायचा. आंबोलीची वीज पावसात लपंडाव खेळते, तेव्हा पंख्यापेक्षा वर्तमानपत्रांवरच भिस्त.

मग खरी परीक्षा. रबरी नळीची जोरदार धार मारायचा ह्यांचा विचार होता. मामींनी परसातली झारी आणून दिली. तीच बरोबर. जोराच्या धारेनं पाणी जिथं एरवी जात नाही तिथंही घुसतं आणि उगाच फसगत होते. पाऊस पडतो तसं, सावकाश पाणी हवं. एकानं बाहेर पाणी घालायचं आणि दुसऱ्यानं आत बॅटरी घेऊन बसायचं. आत मी बसले. पायाशी कोरडे कागद पसरले, कारण कागदावर थेंब पडला की लगेच डाग दिसतो.

पाणी घालायचं खालून वर. हे लक्षात ठेवा, सगळी गंमत यातच आहे. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा पायथा, मग काचेच्या कडा, आणि टप सगळ्यांत शेवटी. टपावर आधी ओतलंत तर सगळीकडूनच ओघळ येणार, मग चोर कुठला ओळखायचा? प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटं घालवायची. घाई नको. पाण्यालाही वाट चालायला वेळ लागतो.

पुढच्या दारावर काही नाही. दाराच्या काचेवर काही नाही. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खालच्या काळ्या जाळीवर झारी धरली आणि चार-पाच मिनिटांत डॅशबोर्डच्या आतून टप असा आवाज आला. मी बॅटरी घेऊन सीटखाली वाकले. ब्लोअरच्या खोक्याच्या कडेनं थेंब उतरत होते. ग्लोव्ह बॉक्स काढला. त्याच्यामागं हवेचा फिल्टर असतो. तो बाहेर काढला, तर चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखा! एसीचं पाणी असतं तर फिल्टर असा वरून भिजला नसता, कारण ते पाणी पुढं, थंड जाळीवर तयार होतं. म्हणजे हे पाणी वरून, हवेच्या तोंडातून येत होतं.

बॉनेट उघडून ती काळी जाळी उचलली. आमच्या दारात गुलमोहर आहे आणि गाडी वर्षानुवर्षं त्याच्या सावलीत उभी असते. गुलमोहराची ती जिऱ्याएवढी बारीक पानं जाळीतून आत जाऊन कुजून नुसतं खत झालं होतं. त्यात कसलासा एक कोंभही फुटला होता. काचेवरून येणारं पाणी या पन्हाळीत जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांवाटे चाकांमागं खाली पडतं, अशी रचना असते. भोकं बुजली होती. पन्हाळ भरली की पाणी काठावरून थेट ब्लोअरच्या तोंडात. ब्लोअर डाव्या बाजूला, म्हणून ओल सासूबाईंच्या पायाशी. हातानं आणि एका जुन्या चमच्यानं तो चिखल काढला, वर दोन तांबे पाणी ओतलं. मोरीचा बोळा निघाल्यावर येतो ना, अगदी तसा गुडगुड आवाज झाला आणि पाणी चाकामागून भळाभळा जमिनीवर आलं. तिथं तार खुपसू नका हं. काही गाड्यांत भोकाला रबरी नळी असते, ती निसटली तर नवीन दुखणं.

मागची ओल वेगळीच निघाली. पुढं सगळं कोरडं, पण मागच्या डाव्या दाराच्या काचेवर पाणी घातलं की खाली कागद भिजायचा. आता एक गोष्ट मलाही तिथंच समजली, ती तुम्हाला सांगते. दाराच्या आत पाणी जातंच. काच वर-खाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. हा दोष नाही, अशीच बांधणी असते. ते पाणी आपल्या बाजूला येऊ नये म्हणून आतल्या शोभेच्या पॅनेलमागं एक प्लॅस्टिकचा कागद घट्ट चिकटवलेला असतो. काच दुरुस्त करताना किंवा स्पीकर बसवताना तो उचलावा लागतो, आणि पुन्हा नीट चिकटवायचा कंटाळा केला की झालं. आमच्या त्या दाराची काच आदल्या हिवाळ्यात एका ठिकाणी दुरुस्त करून घेतली होती. पॅनेल काढलं तर कागदाची खालची कड पडद्यासारखी लोंबत होती. तात्पुरती रुंद चिकटपट्टी लावली. सांगलीला आल्यावर ब्यूटाइलची काळी चिकट पट्टी आणून कागद चांगला बसवून घेतला. दाराच्या तळाची भोकंही मातीनं भरली होती, ती मी केसांतल्या पिनेनं मोकळी केली. गाडीचं दार लावताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर तुमचीही ती भोकं बुजलीत असं समजा.

दोन्ही कामांचा मिळून खर्च एका साध्या सुती साडीइतकाही झाला नाही. नवा फिल्टर धरून!

तुमच्या गाडीतलं पाणी याच वाटांनी येत असेल असं नाही. पाऊस नसताना, एसी लावल्यावरच कार्पेट भिजत असेल, तर मात्र एसीचंच पाणी. दमट हवेत एसी चालू ठेवून गाडी वीस मिनिटं उभी करा आणि गाडीखाली वाकून बघा. खाली थेंब पडून थारोळं व्हायला हवं. खाली कोरडं आणि आत ओलं, म्हणजे नळी तुंबली. ते पाणी साधं, बिनवासाचं असतं. पण बोटाला बुळबुळीत लागणारं, हिरवट किंवा तांबूस, गोडसर वासाचं पाणी असेल आणि आतून काचांवर तेलकट वाफ धरत असेल, तर ते पावसाचं नव्हे, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. ते विषारी असतं. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना तिथं फिरकू देऊ नका, आणि गाडी गॅरेजलाच न्या, तिथं आपली झारी उपयोगाची नाही.

टपाला उघडती काच असेल, हल्ली सनरूफची हौस फार, तर हे ध्यानात ठेवा की ती काच पाणी पूर्ण अडवत नाहीच. तिच्याभोवती पन्हाळ असते आणि कोपऱ्यांतून नळ्या खांबांतून खाली जातात. नळी तुंबली की पाणी कधी टपाच्या कापडावर डाग पाडतं, तर कधी थेट पायाशी उतरतं. डिकीत पाणी असेल तर स्टेपनी उचलून तिच्याखालचा खळगा बघा, आणि मग मागच्या दिव्यांच्या रबराकडं वळा. दाराचं रबर तपासायला तर काहीच लागत नाही. कागदाची पट्टी रबरावर धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथं रबर बसलंय. सगळ्या बाजूंनी असं करत जा.

आणि सुगंधी डब्या! वास मारायला त्या लावतात, पण मला विचाराल तर तो शुद्ध खुळेपणा आहे. बुरशी तशीच राहते आणि वर चमेलीचा वास चढतो. दम्याच्या माणसाला दोन्ही वाईट. गळती बंद झाल्यावर कार्पेट उचलून खालचा थर उन्हात खडखडीत वाळवणं, हाच उपाय. फारच कुजला असेल तर तेवढाच थर बदलावा.

आमचा थर आंबोलीत कुठला वाळायला! तो काढून चुलीच्या खोलीत टांगला आणि तसंच, पत्र्यावर कागद घालून, हिंडलो. हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी उगम पावते, जवळच महादेवाचं देऊळ. ही नदी पुढं आजऱ्याकडून वाहत कर्नाटकात घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्याशा माशाची नवी जात २०२० साली जगापुढं आली आणि नदीचंच नाव त्याला मिळालं. पुढं २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा तिथल्या पाण्यात साबण, निर्माल्य असलं काही सोडू नका. कावळेसादला दरीतून वारा असा उसळतो, की खाली पडणारं पाणी उलटं वर येऊन आपल्याच तोंडावर आपटतं. छत्री उघडायच्या भानगडीत पडू नये, ती दरीत जाते. रस्त्यालगतच्या मोठ्या धबधब्यावर रविवारी चालायला वाट नसते. बुधवार-गुरुवार धरून जा.

सासूबाई आठ दिवस राहिल्या. निघायच्या दिवशी मामींनी पिशवीत कोकमं, कुळीथ आणि शेणात रुजवलेली अळवाची दोन रोपं दिली. आजऱ्याला थांबून आम्ही पाच किलो घनसाळ तांदूळ घेतला. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. तांदळाची कापडी पिशवी मी मुद्दाम त्यांच्या पायाशी ठेवली. निपाणीपर्यंत मुसळधार पाऊस होता, पुढं सांगलीपर्यंत भुरभुर. घरी आल्यावर पिशवीच्या बुडाला हात लावून बघितला. कोरडी होती.